स्थानबद्धाच्या घरची चूल

मागच्या वेळी आपण शिक्षेच्या कल्पनेबद्दल बोललो. आज शिक्षा नसलेला तुरुंगवास बघू. आरोप नाही, खटला नाही. माणूस उद्या काही करेल या भीतीने त्याला आजच आत ठेवायचं. कायद्यात याला प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणतात. माझा प्रश्न साधा आहे. त्याला दोषी ठरवलेलंच नाही, तर घरच्यांनी उपाशी का राहायचं?

गंमत म्हणजे हा प्रश्न कंपनी सरकारला पडला होता. १८१८ चं बंगालचं तिसरं रेग्युलेशन हे या कायद्यांचं मूळ. लाला लजपतराय यांना १९०७ मध्ये त्याच्याच आधारे मंडालेला नेलं. आपल्या मुंबई इलाख्यात तेच काम १८२७ चं पंचविसावं रेग्युलेशन करी. १८९७ मध्ये पुण्याच्या नातूबंधूंना त्याखाली अडकवलं. आता बघा, १८१८ च्या या जुलमी कायद्यात एक कलम असं आहे: कैद्याला ठरवून दिलेला भत्ता त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या गरजांना, त्याच्या दर्जाप्रमाणे, पुरतो की नाही, हे अधिकाऱ्याने सरकारला कळवायचं. 'दर्जाप्रमाणे' हा शब्द सोडू नका. डोळ्यांसमोर संस्थानिक आणि सरदार होते, शेतमजूर नव्हता. तरी तत्त्व मान्य होतं.

आतल्या माणसांनीही ते हक्क म्हणूनच घेतलं. फेब्रुवारी १९२६ मध्ये मंडालेच्या तुरुंगात सुभाषबाबू आणि त्यांच्या सोबत्यांनी उपोषण केलं, ते धार्मिक सणांच्या खर्चासाठी. मागणी पैशांची दिसते, पण म्हणणं असं की आम्ही गुन्हेगार नाही.

पुढे स्वराज्य आलं. १९५० चा स्थानबद्धता कायदा आला, १९७१ चा मिसा आला. या कायद्यांत स्थानबद्धाच्या पोषणाचा उल्लेख आहे, कुटुंबाचा नाही. आणीबाणीत मिसाखाली ३४,९८८ माणसं आत गेली, असं शहा आयोगाने नोंदवलंय. त्यांतला जो सरकारी नोकर, तो ४८ तासांनंतर निलंबित मानला जाई आणि नियमाने निर्वाहभत्त्याला पात्र ठरे. आणि हमाल, शिंपी, खासगी शिकवणीवाला? त्याची चूल नातेवाईक आणि शेजारी यांच्या भरवशावर.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन सुरू केलं. महिन्याहून जास्त काळ आत असलेल्याला दरमहा १०,००० रुपये, कमी काळ असलेल्याला ५,०००; तो हयात नसेल तर पत्नी किंवा पती यांना निम्मं. २०१९ मध्ये सरकार बदललं, २०२० मध्ये ते बंद झालं. २०२२ मध्ये पुन्हा बदललं, पुन्हा सुरू झालं. २०२५ मध्ये दुप्पट झालं.

कोणाला मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. म्हातारपणी औषधाला पैसा लागतोच. पण मानधन म्हणजे सन्मान. सन्मान देणारा तो काढूनही घेऊ शकतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. निर्वाह ही वेगळी गोष्ट आहे. ती पराक्रमाची बक्षिसी नाही, सरकारने उचललेल्या जबाबदारीची किंमत आहे. ती त्याच महिन्यात द्यायची असते, त्रेचाळीस वर्षांनी नाही. आणि माणूस कोणत्या पक्षाचा, हे न विचारता.

स्थानबद्धतेचे कायदे आजही आहेत. तेव्हा कोणी आत गेलं की दोन प्रश्न विचारा. का नेलं, हा पहिला. घरी आज काय शिजलं, हा दुसरा. पहिला आपण निदान वर्तमानपत्रात तरी विचारतो.