जबीबचे बेट

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की गावोगावच्या मशिदींतल्या फलकावर फितऱ्याचा हिशेब लिहिला जातो. गव्हाने दिला तर इतके, जवाने दिला तर इतके, खजुराने इतके, आणि सर्वांत खाली, सर्वांत महाग, मनुकांनी दिला तर इतके. आपल्यातले बहुतेक जण पहिल्या ओळीवरच थांबतात. शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचणारे थोडे. हदीसमध्ये या मनुकांसाठी जो शब्द आला आहे तो ‘जबीब’. उर्दूतला ‘मुनक्का’ हाही अरबीच, म्हणजे साफ केलेला, बिया काढलेला. आपला मराठी ‘मनुका’ त्याचाच भाऊबंद. पण ‘जबीब’ आपल्या बोलीत उतरला नाही. तो उतरला दूर भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर. इटलीच्या ताब्यातल्या पांतेल्लेरिया बेटावरचे शेतकरी आपल्या द्राक्षाला आजही ‘झिबिब्बो’ म्हणतात. आणि या झिबिब्बोची वाइन होते.

इथे काही वाचक चष्मा सरसावतील, हे आम्ही जाणतो. वाइन आपल्याला हराम आहे. तिच्या चवीबद्दल आम्ही एक अक्षर लिहिणार नाही, आम्हाला ते लिहिता येणारही नाही. आमचा विषय बाटलीतला पदार्थ नाही, बाटलीवरची चिठ्ठी आहे. त्या चिठ्ठीवर आपल्या इतिहासाची काही पाने चिकटून राहिली आहेत आणि ती वाचायला कोणी फारसे जात नाही.

इटलीत वाइनच्या नावांचा कायदा आहे. त्याचे मूळ जुने. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने १७१६ साली फर्मान काढून कियांतीसह चार प्रदेशांच्या सीमा आखल्या आणि त्या सीमेबाहेरच्या मालाला ते नाव लावण्यास मनाई केली. आधुनिक कायदा १२ जुलै १९६३ चा. त्याने ‘डीओसी’ हा दर्जा ठरवला. या तीन अक्षरांचा अर्थ नियंत्रित मूळस्थानाचे नाव. गावाची हद्द कोणती, द्राक्षाची जात कोणती, हेक्टरी उत्पादन किती, किती महिने मुरवायचे, हे सारे नावागणिक लिहून ठेवलेले. पहिला मान १९६६ साली सान जिमिन्यानो गावच्या वेर्नाच्चाला मिळाला. त्यावरचा ‘डीओसीजी’ हा दर्जा, म्हणजे हमीसह, प्रत्यक्षात १९८० साली आला, आणि १९९२ च्या कायद्याने खाली ‘आयजीटी’ ही सैल पायरी जोडली. आज हमीचा दर्जा असलेली नावे सत्तरहून अधिक आहेत आणि साधे डीओसी तीनशेहून अधिक. उत्तरेकडे पिएमोंतेत नेब्बिओलो जातीची बारोलो, तोस्कानात सांजोवेझेची कियांती आणि ब्रुनेल्लो, वेनेतोत फळ्यांवर महिनोन्महिने सुकवलेल्या द्राक्षांची अमारोने, ही बडी घराणी. दर्जा आणि गुणवत्ता मात्र एकच नव्हेत. तोस्कानातली सास्सिकाया ही जगभर नावाजलेली वाइन १९९४ पर्यंत ‘साधी टेबल वाइन’ म्हणूनच विकली जात होती, कारण तिची द्राक्षे परकी होती आणि ती नियमात बसत नव्हती. तेव्हा हा कायदा चवीचा कमी आणि नावाचा जास्त. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याच जातकुळीचा.

आता सिसिलीचा नकाशा उघडा. वरच्या दर्जाच्या यादीत या बेटाचे एकच नाव आहे, चेरासुओलो दि वित्तोरिया, तेही २००५ साली आलेले. पण साध्या डीओसींची यादी वाचत पश्चिमेकडे सरकू लागलो की कानाला ओळखीचे काही ऐकू येते. १९६९ चे मार्साला: मूळ ‘मर्सा अली’, अलीचे बंदर, काहींच्या मते ‘मर्सा अल्लाह’. १९७२ चे आल्कामो: मूळ ‘अल्कमा’. अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर ११८४ च्या अखेरीस जहाज फुटून सिसिलीच्या किनाऱ्याला लागला आणि तिथून तो या अल्कमात आला. गावात बाजार आहे, मशिदी आहेत, आणि इथले सगळे रहिवासी मुसलमान आहेत, अशी नोंद त्याने करून ठेवली. सिसिलीतला सर्वांत उंच ज्वालामुखी एटना, त्याचे डीओसी १९६८ चे. त्या पर्वताचे लोकांच्या तोंडचे नाव मोंजिबेल्लो; लॅटिनमधला ‘मोन्स’ आणि अरबीतला ‘जबल’ एकमेकांना चिकटून झालेले, म्हणजे अर्थ डोंगर-डोंगर.

ही नावे आली कशी? हिजरी २१२, म्हणजे इसवी सन ८२७ च्या जूनमध्ये कैरवानच्या अघलबी अमीराचे सैन्य माझारा बंदरात उतरले. सेनापती कोण, तर सत्तरीकडे झुकलेला एक काझी, असद इब्न अल-फुरात. मदिनेत इमाम मालिक यांच्यापुढे बसलेला आणि नंतर इराकात इमाम अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद अश-शैबानी यांच्याकडे शिकलेला हा फकीह. (मनुका भिजवून केलेल्या ‘नबीज’ या पेयावर मालिकी आणि इराकी फकिहांत किती वाद झाले हे फिकहच्या अभ्यासकांना माहीत आहेच. त्या वादाच्या दोन्ही बाजूंच्या गुरूंकडे शिकलेला माणूस द्राक्षांच्या बेटावर उतरावा, ही इतिहासाची गंमत.) पुढच्याच वर्षी सैराकूझच्या वेढ्यात रोगराईने त्याचा इंतकाल झाला. ८३१ मध्ये पालेर्मो पडले, ८७८ मध्ये सैराकूझ, ९०२ मध्ये ताओर्मिना. ९७३ साली इब्न हौकल पालेर्मोत आला तेव्हा त्याने तीनशेहून जास्त मशिदी मोजल्या. शहर त्याला आवडले नाही. इथले लोक कच्चा कांदा फार खातात म्हणून त्यांची अक्कल मंद झाली आहे, असा शेराही त्याने मारला.

कांदा खाणाऱ्या या मंडळींनी शेती मात्र डोके लावून केली. लिंबू, नारिंग, ऊस, कापूस, आणि त्यांच्यासाठी पाण्याची सोय. सिसिलीच्या बोलीत पाणी साठवायच्या हौदाला आजही ‘जेब्बिया’ म्हणतात, तो अरबी ‘जाबिया’. पाटाला ‘साइया’ म्हणतात, ती ‘साकिया’. आग्रिजेंतोजवळ फावारा नावाचे गाव आहे. मूळ शब्द ‘फव्वारा’. आपल्या बागेतला फवारा तोच. याच गावच्या आंतोनियो मेंदोला या जमीनदाराने १८६९ मध्ये काताराट्टो आणि झिबिब्बो यांचा संकर करून ‘ग्रिल्लो’ नावाची जात तयार केली, आणि मार्साला वाइनला पुढे या जातीचा मोठा आधार झाला.

इथे थोडे थांबायला हवे. आपल्या लिखाणात एक खोड आहे. परदेशातल्या कुठल्याही चांगल्या वस्तूवर अरबी शब्द दिसला की ‘हे आपणच दिले’ म्हणून मोकळे व्हायचे. झिबिब्बोच्या बाबतीत हा दावा टिकत नाही. शब्द अरबी आहे, यात शंका नाही. पण ही जात जगात ‘मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्या डीएनएच्या तपासणीत ती भूमध्य प्रदेशातल्याच दोन जुन्या जातींच्या संकरातून झाल्याचे आढळले आहे. ती अरबांनीच बेटावर आणली असे ठामपणे म्हणता येत नाही. द्राक्षे सुकवून गोड वाइन करण्याची रीत तर कितीतरी जुनी. कार्थेजच्या मागोची कृती रोमन लेखक कोलुमेल्लाने नोंदवून ठेवली आहे. ‘पांतेल्लेरिया’ म्हणजे ‘बिन्त अर-रियाह’, वाऱ्याची लेक, ही व्युत्पत्ती पर्यटकांना सांगतात. ऐकायला गोड, पण अरब भूगोलकार या बेटाला ‘कौसरा’ म्हणत, आणि ते नाव तर अरबांच्याही आधीच्या ‘कोस्सिरा’वरून आलेले. मोठेपणासाठी खोट्या पुराव्याची गरज नाही. खरे आहे तेवढेही कमी नाही.

खरे काय आहे? पांतेल्लेरिया सिसिलीपेक्षा ट्युनिसियाला जवळ. क्षेत्रफळ सुमारे ८३ चौरस किलोमीटर, जमीन ज्वालामुखीची, काळी. पाऊस थोडा, वारा बारमाही. म्हणून वेल उंच चढवत नाहीत. जमिनीत खळगा करून त्यात तो लावतात आणि झुडपासारखा बुटका ठेवतात. वारा वरून निघून जातो, दव खळग्यात उतरते. नाशिक-सांगलीचा मांडव पाहिलेल्या माणसाला हे द्राक्षाचे शेत वाटणारच नाही. ऑगस्टमध्ये पहिला तोडा होतो. ती द्राक्षे दोन-चार आठवडे उघड्या उन्हात वाळवतात आणि सप्टेंबरच्या ताज्या रसात मिसळतात. तासगावकडे बेदाणा शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत सुकतो, तिथे दगडी ओट्यांवर उन्हात. घरे काळ्या दगडाची, घुमटाकार छपरांची. छपरावरचे पावसाचे पाणी तळघरातल्या टाकीत जाते. बेटावरच्या वाड्यावस्त्यांची नावे खम्मा, गादिर, रेखाले, बुक्कुराम. या शेवटच्या नावात ‘कर्म’, म्हणजे द्राक्षवेल, ऐकू येते असे सांगतात. पांतेल्लेरियाच्या मोस्कातोला १९७१ मध्ये डीओसी मिळाला, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने ही खळग्यातल्या वेलीची लागवड मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली.

आता तीच चिठ्ठी पुन्हा वाचू, या वेळी उरलेल्या नावांसाठी. २००० साली ‘मोनरेआले’ नावाचे डीओसी झाले. मोनरेआले हा नॉर्मन राजा विल्यम दुसरा याने वसवलेला मठ. त्याला राजाने जमिनी दिल्या आणि जमिनीबरोबर कसणारे मुसलमानही दिले. ११७८ ची त्यांच्या नावांची यादी अरबी आणि ग्रीकमध्ये आहे. ११८२ चा जमिनींच्या सीमांचा दस्त लॅटिन आणि अरबीत. विहीर, झरा, टेकडी, वाट. बाप, मुलगा, भाऊ. आमच्या मते सिसिलीच्या इस्लामी इतिहासाचा हा सर्वांत बोलका कागद आहे. रॉजर दुसरा याचा हिजरी ५२८ चा, अरबी अक्षरांनी भरलेला झगा सगळे दाखवतात. शेतमजुरांची यादी कोणी दाखवत नाही.

१९९३ साली ‘कोंतेस्सा एंतेल्लिना’ हे डीओसी झाले. एंतेल्ला हा त्या रानातला खडा कडा. नॉर्मनांनंतर जुलूम वाढला तेव्हा मुहम्मद इब्न अब्बाद याने याच डोंगराळ भागात बंड केले, स्वतःच्या नावाची नाणी पाडली. १२२२ च्या सुमारास तो मारला गेला. त्याची मुलगी एंतेल्लाचा किल्ला लढवत राहिली आणि सम्राटाचे तीनशे शिपाई तिने फसवून आत घेऊन कापले, असा किस्सा अल-हिम्यारी सांगतो. १२४६ मध्ये शेवटचे डोंगरी किल्ले पडले. आज त्याच परिसरातल्या मळ्यांच्या एका वाइनला ‘हजार आणि एक रात्री’ असे नाव दिले आहे.

‘साम्बुका दि सिसिलिया’ हे डीओसी १९९५ चे. या गावाचे नाव १९२३ पर्यंत ‘साम्बुका झाबुत’ होते. मुसोलिनी सत्तेवर आल्यावर वर्षाच्या आत ‘झाबुत’ कापला गेला. १९२७ मध्ये अरबी वळणाचे ‘जिर्जेंती’ जाऊन रोमन वळणाचे ‘आग्रिजेंतो’ आले. नामांतराचा हा खेळ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्या सम्राटाने ही मोहीम चालवली तो फ्रेडरिक दुसरा. अरबी जाणणारा, मुसलमान विद्वानांना प्रश्न पाठवणारा, म्हणून आपले लेखक त्याचे कौतुक करतात. त्या कौतुकाला आम्ही तरी मुरड घालू. त्यानेच सिसिलीचे हजारो मुसलमान उचलून समुद्रापार पुलियातल्या लुचेरा गावी नेऊन वसवले. ते तिथे पंचाहत्तर वर्षे राहिले. शेती केली, कारागिरी केली, सम्राटाच्या फौजेत तिरंदाज म्हणून लढले. ऑगस्ट १३०० मध्ये अंजूच्या चार्ल्स दुसऱ्याने वस्ती उद्ध्वस्त केली, मशिदी पाडल्या, माणसे गुलाम म्हणून विकली. गावाचे नाव बदलून ‘सांता मारियाचे नगर’ केले. ते नाव टिकले नाही.

लुचेरालाही १९७५ साली डीओसी मिळाला. या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष उवा दि त्रोया. सुलतानाचे, खजुराचे, हजार रात्रींचे कुठलेही चित्र या नावाशी जोडलेले नाही. नाव आहे ‘काच्चे म्मित्ते’, तिथल्या बोलीत ‘काढ आणि घाल’. त्याचा उलगडा असा सांगतात की गावात द्राक्षे तुडवायचे हौद भाड्याने मिळत. ठरलेली वेळ संपली की एकाने आपला हौद रिकामा करायचा, आणि बाहेर टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या दुसऱ्याने लगेच तो भरायचा.