टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन (हॅरी क्लार्क यांची सचित्र आवृत्ती)

टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन ही अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो यांच्या निवडक भयकथा व रहस्यकथांची सचित्र आवृत्ती आहे. ती १९१९ साली लंडनच्या जॉर्ज जी. हॅरॅप अँड कंपनी या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. तिच्यातील चित्रे आयरिश चित्रकार हॅरी क्लार्क यांनी काढली. मूळ आवृत्तीत काळ्या शाईतील २४ पूर्णपान चित्रे होती. १९२३ च्या वाढीव आवृत्तीत ८ रंगीत चित्रांची भर पडली. विसाव्या शतकातील ग्रंथचित्रणाच्या इतिहासात ही आवृत्ती महत्त्वाची मानली जाते. भीती उत्पन्न करणाऱ्या मजकुराला चित्राची जोड द्यावी का आणि किती द्यावी, या प्रश्नाच्या चर्चेत तिचे उदाहरण विशेष उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

एडगर अ‍ॅलन पो (१९ जानेवारी १८०९ - ७ ऑक्टोबर १८४९) यांचा जन्म बॉस्टन येथे झाला व मृत्यू बाल्टिमोर येथे झाला. त्यांच्या बहुतेक कथा प्रथम नियतकालिकांतून प्रसिद्ध झाल्या. १८४० साली त्यांच्या कथांचा 'टेल्स ऑफ द ग्रोटेस्क अँड अ‍ॅराबेस्क' हा दोन खंडांचा संग्रह निघाला. 'टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन' हे नाव मात्र पो यांनी दिलेले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या निवडक संग्रहांना प्रकाशकांनी अशा प्रकारची नावे दिली आणि त्यांपैकी हे नाव रूढ झाले.

पो यांच्या भयकथांत बाह्य घटनांपेक्षा निवेदकाच्या मनःस्थितीला अधिक महत्त्व असते. 'द टेल-टेल हार्ट' (१८४३) या कथेतील खुनी स्वतःच्या शहाणपणाची ग्वाही देत देत आपले वेड उघड करतो. 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' (१८३९) या कथेत वाडा आणि त्यातील घराणे यांचा अंत एकाच वेळी होतो. एप्रिल १८४१ मध्ये 'ग्रॅहम्स मॅगझिन' मध्ये प्रसिद्ध झालेली 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ मानली जाते. तिच्यातील सी. ऑग्युस्त द्युपँ हे पात्र पुढील काळातील अनेक काल्पनिक गुप्तहेरांचे पूर्वज ठरले.

पूर्वीची चित्रणे

पो यांच्या हयातीतच त्यांच्या काही कथा सचित्र प्रसिद्ध झाल्या होत्या. १८४३ साली 'द गोल्ड-बग' या कथेसाठी अमेरिकन चित्रकार एफ. ओ. सी. डार्ली यांनी चित्रे काढली. पो यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या साहित्याला फ्रान्समध्ये मोठी मान्यता मिळाली आणि तेथील अग्रगण्य चित्रकार त्याकडे वळले. १८७५ साली स्तेफान मालार्मे यांनी 'द रेव्हन' या कवितेचा फ्रेंच अनुवाद केला. त्यासाठी एदुआर माने यांनी चित्रे काढली. ऑदिलाँ रदाँ यांनी १८८२ मध्ये पो यांना उद्देशून शिळामुद्रांची एक मालिका प्रसिद्ध केली. याच कवितेवरील ग्युस्ताव्ह डोरे यांची चित्रे त्यांच्या मृत्यूनंतर १८८४ मध्ये प्रकाशित झाली.

इंग्रज चित्रकार ऑब्री बिअर्डस्ली यांनी १८९४-९५ च्या सुमारास शिकागोतील एका प्रकाशनसंस्थेसाठी पो यांच्या कथांवर चार चित्रे काढली. सपाट काळे भाग, मोकळा पांढरा अवकाश आणि बारीक वळणदार रेषा ही या चित्रांची वैशिष्ट्ये होती. क्लार्क यांच्या शैलीवर बिअर्डस्ली यांचा प्रभाव स्पष्टपणे जाणवतो. मात्र बिअर्डस्ली जिथे जागा रिकामी सोडतात, तिथे क्लार्क ती नक्षी, ठिपके आणि आकृत्यांनी भरून टाकतात.

चित्रकार

हॅरी क्लार्क (१७ मार्च १८८९ - ६ जानेवारी १९३१) यांचा जन्म डब्लिन येथे झाला. त्यांचे वडील जोशुआ क्लार्क हे इंग्लंडमधील लीड्सहून डब्लिनला येऊन स्थायिक झाले होते. चर्चच्या अंतर्गत सजावटीचा आणि रंगीत काचचित्रांच्या खिडक्या बनवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. हॅरी यांनी वडिलांच्या कार्यशाळेत ही कला आत्मसात केली आणि डब्लिन मेट्रोपॉलिटन स्कूल ऑफ आर्ट येथे ए. ई. चाइल्ड यांच्या हाताखाली तिचे शिक्षण घेतले. १९१४ साली त्यांचा विवाह चित्रकार मार्गारेट क्रिली यांच्याशी झाला.

कॉर्क येथील होनन चॅपेलसाठी १९१५ ते १९१७ या काळात त्यांनी बनवलेल्या ११ खिडक्यांमुळे काचचित्रकार म्हणून त्यांची ख्याती झाली. ग्रंथचित्रणातील त्यांची सुरुवात मात्र सुखाची नव्हती. कोलरिज यांच्या 'द राइम ऑफ द एन्शन्ट मॅरिनर' या काव्यासाठी त्यांनी केलेले काम एप्रिल १९१६ मधील डब्लिनच्या ईस्टर उठावात आगीत नष्ट झाले. त्याच वर्षी हॅरॅप यांनी प्रकाशित केलेले हान्स अँडरसन यांच्या परीकथांचे पुस्तक हे त्यांचे पहिले प्रकाशित सचित्र पुस्तक ठरले. त्याला मिळालेल्या यशानंतर याच प्रकाशकासाठी त्यांनी पो यांच्या कथांचे काम केले.

आवृत्तीचे स्वरूप

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास महागडी सचित्र 'भेटपुस्तके' काढण्याची प्रथा होती. रंगीत छपाईच्या नव्या तंत्रामुळे ती शक्य झाली होती. आर्थर रॅकम, एदमाँ द्युलाक आणि काय नील्सन हे या प्रकारातील नावाजलेले चित्रकार होते. त्यांचे विषय प्रामुख्याने परीकथा, लोककथा व अरबी कथा असत. पो यांच्या कथांसारखा मृत्यू, वेड आणि कुजलेल्या देहांचा विषय या स्वरूपात सादर करणे हे त्या प्रथेपेक्षा वेगळे पाऊल होते. पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीनंतर वर्षभरातच हे पुस्तक वाचकांच्या हाती आले.

१९१९ च्या आवृत्तीतील सर्व पूर्णपान चित्रे एकरंगी होती. प्रत्येक चित्राखाली कथेतील संबंधित वाक्य छापलेले होते. त्यामुळे चित्र कथेच्या नेमक्या कोणत्या क्षणाचे आहे, हे वाचकाला कळत असे. याशिवाय कथांच्या शेवटी लहान सजावटीची चित्रे होती. पुस्तकाला चांगली मागणी आल्यामुळे १९२३ साली रंगीत चित्रांसह वाढीव आवृत्ती काढण्यात आली.

शैली आणि तंत्र

क्लार्क यांची चित्रे काळ्या शाईतील असली, तरी त्यांच्या रचनेत काचचित्रकलेचे संस्कार दिसतात. काचचित्राच्या खिडकीत रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. या काळ्या पट्ट्या आकृतीची बाह्यरेषाही ठरवतात. क्लार्क यांच्या ग्रंथचित्रांतही आकृत्या ठळक कडांनी वेगळ्या केलेल्या असून वस्त्रे आणि पार्श्वभूमी लहान लहान नक्षीदार खंडांत विभागलेली असते. दुहेरी थराच्या काचेवर आम्लाने कोरून रंगाच्या सूक्ष्म छटा काढण्यात ते निष्णात होते. हीच सवय शाईच्या चित्रांत असंख्य ठिपक्यांच्या आणि केसासारख्या बारीक रेषांच्या रूपाने येते.

मोठे, रोखून पाहणारे डोळे, लांब निमुळती बोटे, प्रमाणाबाहेर ताणलेली शरीरे आणि भरजरी वस्त्रे ही त्यांच्या पात्रांची ओळख आहे. त्यांनी खिडक्यांत चितारलेल्या संतांचे डोळे आणि बोटे अशाच प्रकारची आहेत. भक्तिभाव व्यक्त करणारी आणि भय व्यक्त करणारी त्यांची चित्रभाषा मूलतः एकच होती. चित्राचा मोठा भाग गडद काळा ठेवून त्यात पांढरे चेहरे व हात उजळ करण्याची पद्धत त्यांनी वारंवार वापरली. त्यामुळे आकृत्या अंधारातून बाहेर येत असल्यासारख्या दिसतात.

निवडक चित्रे

'द पिट अँड द पेंड्युलम' या कथेच्या चित्रात जखडलेल्या कैद्याच्या अंगावर चढणारे उंदीर दाखवले आहेत. या कथेचे नाव ज्यावरून पडले, त्या झुलत्या पात्याऐवजी क्लार्क यांनी शरीराला होणाऱ्या किळसवाण्या स्पर्शाचा क्षण निवडला.

'अ डिसेंट इंटू द मॅल्स्ट्रॉम' या कथेत नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या प्रचंड भोवऱ्यात सापडलेल्या नावेचे वर्णन आहे. येथे क्लार्क यांनी मानवी भावनेपेक्षा फिरणाऱ्या पाण्याच्या रेषांना प्राधान्य दिले असून नाव त्या तुलनेत क्षुल्लक वाटते.

'द फॅक्ट्स इन द केस ऑफ एम. वाल्देमार' (१८४५) या कथेत मृत्यूच्या क्षणी संमोहित केलेला माणूस अनेक महिने त्याच अवस्थेत ठेवला जातो आणि संमोहन उतरताच त्याचा देह क्षणात विरघळतो. पो यांनी हा शेवट मोजक्या शब्दांत उरकला आहे. क्लार्क यांनी मात्र नेमका तोच क्षण चितारला.

'द प्रीमॅच्युअर बरिअल' (१८४४) ही जिवंतपणी पुरले जाण्याच्या भीतीवरील कथा आहे. तिच्या चित्रात वाचकाला जमिनीखालील शवपेटीतले दृश्य दिसते. कथेतील निवेदक जे केवळ कल्पनेने अनुभवतो, ते येथे प्रत्यक्ष होते.

रहस्य आणि चित्र यांतील विरोध

पो यांच्या कथांचे चित्रण करताना दोन वेगवेगळ्या अडचणी उद्भवतात. पहिली भयकथांची आहे. पो यांचे भय पुष्कळदा न सांगितलेल्या गोष्टींवर उभे असते. 'द टेल-टेल हार्ट' मधील ठोके खरे आहेत की खुन्याच्या डोक्यातले, हे लेखक सांगत नाही. चित्राला मात्र काहीतरी निश्चित दाखवावेच लागते. क्लार्क यांनी यावर काढलेला मार्ग असा, की त्यांनी वास्तवाचा आभास टाळला. त्यांच्या चित्रांतील खोल्या, वस्त्रे आणि शरीरे प्रत्यक्ष जगातली वाटत नाहीत. परिणामी चित्रात दिसणारे दृश्य घडलेले आहे की निवेदकाने पाहिलेले आहे, ही शंका कायम राहते.

दुसरी अडचण रहस्यकथांची आहे. 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' या कथेचे सारे कुतूहल बंद खोलीतील खून कोणी केले या प्रश्नावर आधारलेले आहे. खुनी माणूस नसून ओरांगउटान आहे, हा उलगडा द्युपँ शेवटाकडे करतो. क्लार्क यांच्या चित्रात हेच वानर तरुणीवर तुटून पडताना दिसते. पुस्तक चाळणाऱ्या वाचकाला त्यामुळे कथा वाचण्याआधीच उत्तर मिळते. बिअर्डस्ली यांच्या चित्रातही वानर उघडपणे दाखवलेले होते. यावरून, दोन्ही चित्रकारांनी ही कथा कोडे म्हणून न घेता भयकथा म्हणून घेतली असे म्हणता येते. कथा प्रसिद्ध होऊन तोवर अनेक दशके लोटली होती आणि तिचा शेवट बऱ्याच वाचकांना ठाऊक होता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

याच्या तुलनेत 'द स्ट्रँड मॅगझिन' मध्ये १८९१ पासून शेरलॉक होम्सच्या कथांसाठी चित्रे काढणारे सिडनी पॅजेट यांच्यापुढील परिस्थिती निराळी होती. त्या कथा प्रथमच छापल्या जात असल्याने उत्तर फोडून चालण्यासारखे नव्हते. त्यामुळे पॅजेट यांचा भर संभाषण, प्रवास, निरीक्षण आणि व्यक्तिदर्शन यांवर राहिला. एकाने गुप्तहेराला चेहरा दिला, तर दुसऱ्याने भीतीला आकार दिला.

नंतरचे कार्य आणि अखेर

पो यांच्या पुस्तकानंतर क्लार्क यांनी पेरो यांच्या परीकथा (१९२२), ग्योथे यांचे 'फाउस्ट' (१९२५) आणि स्विनबर्न यांच्या निवडक कविता (१९२८) यांसाठी चित्रे काढली. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या आयरिश सैनिकांच्या नावांच्या आठ खंडांच्या स्मृतिग्रंथासाठी (१९२३) त्यांनी पानांच्या नक्षीदार चौकटी तयार केल्या. १९२१ साली वडिलांचे निधन झाल्यावर कार्यशाळेची जबाबदारी हॅरी व त्यांचे बंधू वॉल्टर यांच्यावर आली.

१९२६ मध्ये आयर्लंडच्या शासनाने जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयास भेट देण्यासाठी त्यांच्याकडून एक खिडकी मागवली. आयरिश साहित्यातील प्रसंगांवर आधारलेली ही खिडकी १९३० मध्ये पूर्ण झाली. परंतु तिच्यातील काही दृश्ये आक्षेपार्ह वाटल्यामुळे ती जिनिव्हाला पाठवण्यात आली नाही. क्लार्क यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने ती शासनाकडून परत विकत घेतली. सध्या ती अमेरिकेतील मायामी बीच येथील वुल्फसोनियन संग्रहालयात आहे.

क्लार्क यांना क्षयरोग जडला होता. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे उपचार घेऊन डब्लिनला परतत असताना ६ जानेवारी १९३१ रोजी कूर येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षे होते. त्यांना तेथेच पुरण्यात आले. तेथील नियमानुसार १५ वर्षांनंतर कबरीच्या देखभालीची हमी कुटुंबाने देणे आवश्यक होते. ही बाब कुटुंबाला सांगितली गेली नव्हती. त्यामुळे १९४६ मध्ये त्यांचे अवशेष काढून सामुदायिक कबरीत हलवण्यात आले.

प्रभाव

१९३५ साली हॅरॅप यांनीच पो यांच्या कथांची आर्थर रॅकम यांच्या चित्रांसह दुसरी आवृत्ती काढली. तरीही पो यांच्या कथांशी क्लार्क यांचे नाव अधिक घट्टपणे जोडले गेले. या चित्रांची आजवर अनेक पुनर्मुद्रणे झाली आहेत. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क देणाऱ्या देशांत ती २००२ पासून मुक्त झाली. ग्रंथचित्रणाच्या अभ्यासात ही आवृत्ती भयकथा प्रौढ वाचकांसाठी गंभीर कलात्मक स्वरूपात सादर करण्याच्या प्रयत्नाचे उदाहरण म्हणून अभ्यासली जाते.