जोडधंद्यातला विमा आणि परवान्याचा इतिहास

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "विमा विकण्याच्या परवान्याचा इतिहास." चिटणीस क्षणभर आमच्याकडे पाहातच राहिले. कामगार युनियनच्या माणसाने संपावर बोलावे, बोनसवर बोलावे. हे काय भलतेच, असे त्यांच्या मनात आले असावे. आमचे शिक्षण म्हणजे पाळी सुटल्यावर नगरवाचनालयात बसून वाचलेले कायदे आणि अहवाल. कायदेपंडिताचा आव आम्ही आणणार नाही. पण हा विषय आम्ही शोधला नाही; तो आमच्या कचेरीत चालत आला.

काही वर्षांपूर्वी आमचा एक सभासद, लेथवर काम करणारा, घराच्या दुरुस्तीसाठी एका बँकेत कर्ज काढायला गेला. कर्ज मंजूर झाले, पण खात्यात आलेली रक्कम ठरल्यापेक्षा 30 हजारांनी कमी. विचारले तेव्हा टेबलामागची मुलगी म्हणाली, "काका, त्यात विमा आहे. सगळ्यांनाच घ्यावा लागतो." सह्या त्याच्याच होत्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या हप्त्याचे पत्र आले, तेव्हा तो कागद आमच्यापुढे ठेवून म्हणाला, "दादा, मी कर्ज काढायला गेलो होतो की विमा उतरवायला?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्याकडे 1912 साली आयुर्विम्याविषयी कायदे झाले. त्यांची नजर कंपनीवर होती. दारोदार हिंडून विमा विकणारा माणूस कोण, त्याची लायकी काय, हे त्या कायद्यांनी विचारले नाही. 1938 सालच्या विमा कायद्याने मात्र विक्रेत्याला हात घातला. 42 व्या कलमाने एजंटाला परवाना आवश्यक केला. 40 व्या कलमाने बिगरपरवाना माणसाला दलाली देण्यास बंदी केली, आणि 41 व्या कलमाने दलालीतला वाटा परत देऊन गिऱ्हाइकाला भुलवण्यास.

हा परवाना मिळायला विद्वत्ता लागत नसे. अर्जदार सज्ञान असावा, वेडा नसावा, अफरातफर, विश्वासघात, फसवणूक असल्या गुन्ह्यांत दोषी ठरलेला नसावा, एवढेच पाहिले जाई. त्यामुळे शाळामास्तर, कारकून, दुकानदार अशा कितीतरी माणसांना संध्याकाळचा एक जोडधंदा मिळाला. मास्तरांकडे विमा उतरवायला कुणी नकार दिला, तर मास्तर त्याच्या मुलाला वर्गाबाहेर काढीत नसत. आणि मास्तर खोटे बोलले असते, तर रोज सकाळी त्यांना त्याच आळीतून मान खाली घालून जावे लागले असते. कायद्यातली उणीव आळीची लाज भरून काढीत होती.

19 जानेवारी 1956 रोजी वटहुकूम निघाला आणि आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाला सुरुवात झाली. त्या वेळी अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख होते. 245 कंपन्या व सोसायट्या एकत्र येऊन 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. सर्वसाधारण विम्याची पाळी 1 जानेवारी 1973 रोजी आली. मालक बदलले, पण विक्रेत्याचा परवाना माणसाच्या नावाचाच राहिला. दुकानाला, पेढीला, बँकेला विम्याचा जोडधंदा करू द्यावा काय, हा प्रश्न अजून ऐरणीवर आला नव्हता.

तो आला नव्या शतकाच्या तोंडावर. 1999 च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरणाला वैधानिक रूप आले आणि खाजगी कंपन्यांना दार उघडले. एजंटासाठी शिक्षणाची अट, 100 तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा आली. दुसरीकडे 3 ऑगस्ट 2000 रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून बँकांना विम्याचा व्यवसाय करण्याची मोकळीक दिली. कंपन्यांना बँकांची गरज होती, कारण बँकेकडे शाखा असतात, गिऱ्हाइकांची यादी असते, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाची पुंजी ठाऊक असते.

मग 2002 साली संस्थांना एजंट होण्यासाठी परवान्याचे स्वतंत्र विनियम झाले. परवाना संस्थेच्या नावाने, पण विकणारा शेवटी माणूसच. म्हणून प्रत्यक्ष विक्री करणाऱ्या नेमलेल्या माणसांना शिक्षण, प्रशिक्षण आणि परीक्षा यांतून जाणे बंधनकारक केले. त्या वेळी एका संस्थेला एकाच आयुर्विमा कंपनीचा आणि एकाच सर्वसाधारण विमा कंपनीचा माल विकता येई.

पण मास्तरांचा जोडधंदा आणि बँकेचा जोडधंदा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. मास्तरांपुढे बसलेला माणूस केव्हाही उठून जाऊ शकत होता. बँकेत बसलेला माणूस कर्जासाठी आलेला असतो. तो उठून कुठे जाणार? गरज एका बाजूला आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्या बाजूला असली, म्हणजे नम्रपणे सुचवलेली गोष्टसुद्धा हुकूम होऊन बसते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. ब्रिटनमध्ये कर्जाबरोबर हप्तेसंरक्षणाचा विमा विकण्याची पद्धत पडली. आजारपण आले, नोकरी गेली, तर हप्ते विमा भरील, असे आश्वासन. तेथे 14 जानेवारी 2005 पासून सर्वसाधारण विमा विकणारे मध्यस्थ वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आले. तरीही स्वतःचा धंदा करणाऱ्यांना आणि सेवानिवृत्तांनाही, ज्यांना नोकरी जाण्याची भरपाई कधी मिळणारच नव्हती, हा विमा विकला गेला. 2011 ते 2019 या काळात तेथील बँकांना व इतर विक्रेत्यांना 3,800 कोटी पौंडांहून अधिक रक्कम ग्राहकांना परत करावी लागली. परवाना भिंतीवर होता; टेबलावर जे चालले होते ते त्याने थांबवले नाही. तेथे शेवटी जो उपाय निघाला तो साधा होता: कर्ज दिल्यावर सात दिवस उलटेपर्यंत विक्रेत्याने त्या कर्जाचा विमा विकू नये. माणसाला घरी जाऊ द्यावे, बायकोशी बोलू द्यावे, मग विचारावे.

आपल्याकडे 2015 साली दोन गोष्टी झाल्या. कायद्याची दुरुस्ती होऊन एकट्यादुकट्या एजंटाला प्राधिकरणाच्या परवान्याची गरज उरली नाही. त्याला कंपनीने नेमावे असे ठरले. संस्थांना मात्र प्राधिकरणाकडेच नोंदणी करणे भाग राहिले, आणि नव्या विनियमांत विक्री करणाऱ्या नेमलेल्या माणसासाठी 50 तासांचे प्रशिक्षण ठरले. ज्यांचा मुख्य धंदा वेगळा आहे, त्यांनी आपला माल देण्यासाठी विम्याची अट घालू नये, असेही त्यांत स्पष्ट म्हटले. आयुर्विमा, सर्वसाधारण व आरोग्य या प्रत्येक शाखेत तीन कंपन्यांपर्यंत मुभा मिळाली. 2022 साली ती नऊपर्यंत गेली. 2017 साली मोटारी विकणाऱ्या दुकानदारांसाठी वेगळी नियमावली आली. मोटारीचा तृतीय पक्षाचा विमा 1 जुलै 1946 पासूनच सक्तीचा आहे. पण विमा सक्तीचा असला तरी दुकानदाराकडूनच तो घेण्याची सक्ती नाही, हे गिऱ्हाइकाला सांगणे भाग होते. 2024 साली पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्याची मुदत 15 ऐवजी 30 दिवसांची झाली.

आता आमच्या सभासदाकडे वळतो. त्याची परत करण्याची मुदत केव्हाच टळली होती. पण प्रस्तावाच्या नकलेवर विकणाऱ्याचा क्रमांक होता. तो धरून आम्ही बँकेला पत्र घातले. तेव्हा कळले की क्रमांक एका अधिकाऱ्याचा, आणि तो अधिकारी त्या दिवशी टेबलाशी नव्हताच. बोलणारी मुलगी कंत्राटी होती. तिने परीक्षा दिली नव्हती. नकलेत आमच्या लेथवाल्याचा धंदा "व्यापार" लिहिला होता, आणि उत्पन्न तिप्पट. आठ महिने पत्रव्यवहार झाला आणि हप्ता परत मिळाला.

आम्ही त्या मुलीलाही भेटलो. रागाने गेलो होतो, पण खाली मान घालून परतलो. महिन्याला इतक्या पॉलिसी झाल्या नाहीत तर कंत्राट पुढे चालणार नाही, असे तिला वरून बजावले होते. तिच्या टेबलाशी कर्ज मागणारा कामगार होता आणि तीही कामगारच होती. दोघांच्या मध्ये उसना घेतलेला एक क्रमांक होता.

मित्रहो, हा सगळा इतिहास आम्हाला एवढेच सांगतो की परवाना म्हणजे धंद्याला दिलेली मोकळीक नव्हे. चुकले तर कोणाला विचारायचे, त्याचा तो पत्ता आहे. मास्तरांचा पत्ता आळीला ठाऊक होता. बँकेच्या टेबलाचा पत्ता कागदावरच शोधावा लागतो. म्हणून सही करण्यापूर्वी समोरच्याचे नाव आणि क्रमांक विचारा, आणि कर्जाचा कागद व विम्याचा कागद एकाच दिवशी सहीला आले तर विम्याचा कागद घरी घेऊन जा. आणि आम्हा युनियनवाल्यांचे काम असे, की टेबलामागच्या त्या मुलीलाही आपल्या सभासदांत घ्यावे, म्हणजे खोटे बोलण्याचे कोष्टक तिच्या हाती कुणी देऊ शकणार नाही.