लाखमोलाचा लेप

नोकरीत माझ्या वाट्याला आलेलं पहिलं जोखमीचं काम लाखेचं. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची, पाकिटावर थेंब पाडायचा नि वर शिक्का दाबायचा. पहिल्याच दिवशी बोट भाजलं. आमचे म्हातारे शिपाई म्हणाले, "साहेब, जपून! ही बया एकदा चिकटली की निघत नाही."

अजिंठ्याला गेलो तेव्हा हे वाक्य आठवलं.

तिथली पाचव्या शतकातली चित्रं म्हणजे खरं तर मातीचंच काम. खडबडीत कातळावर आधी मातीचा लेप. तिच्यात भाताचं तूस आणि झाडपाल्याचे धागे. म्हणजे माझ्या आजोळच्या कुडाचीच कृती! वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. तांबडा-पिवळा मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र थेट अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. (एवढ्या लांबून माल आणायला त्या काळी पत कोण देत असेल, हा आपला माझा धंदेवाईक प्रश्न.) पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातात कमळ आहे. चिखलात उगवून चिखल न लागलेलं, म्हणून ती निर्मळपणाची खूण.

१८१९ साली वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली. त्यानं काय केलं? दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरलं! आपली सहलीची मंडळी उगीच बदनाम आहेत. पुढं मेजर गिल यांनी वर्षानुवर्षं खपून नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नव्यानं नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनलाच जळाल्या. अस्सल दीड हजार वर्षं टिकलं आणि नक्कल विलायतेत जाऊन खाक!

मग निजाम सरकारनं १९२० साली इटलीहून तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटू लागलेले पोपडे भिंतीला नीट बसवले, हे त्यांचे उपकारच. पण वर शेलॅकचा हात दिला. शेलॅक म्हणजे शुद्ध लाख! काही वर्षांत ती पिवळी पडली, धूळ धरू लागली आणि रंग तिच्याआड गेले. कमळाला चिखल लागला नव्हता, लाख लागली.

नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी ती द्रावकं लावून थोडी थोडी काढायला घेतली. घाई केली तर लाखेबरोबर रंगही यायचा.

परवा घरी पॉलिशवाला आला होता. भिंतीवर आजोबांनी स्वतः रंगवलेला गणपती आहे, जरा मळलेला. त्याकडे बघून म्हणाला, "साहेब, चपड्याचा एक हात मारतो, बघा कसा चमकतो!"

मी गणपती उतरवून कपाटात ठेवला आणि त्याला खुर्च्या दाखवल्या.