करवतीच्या दाताची कुळकथा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत आज कूपकटाईसाठी, म्हणजे तोडीकरिता आखून दिलेल्या वनखंडातील खुणा केलेली झाडे पाडण्यासाठी, पेट्रोलवर चालणारी साखळी करवत वापरली जाते आणि तिला सगळेजण ‘चेन सॉ’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. या यंत्राचे कूळ शोधू जाता लक्ष प्रथम इंजिनाकडे वळते, कारण त्याचा आवाज लांबवर ऐकू येतो आणि त्याची शक्ती डोळ्यांत भरते. परंतु लाकूड कापतो तो दात, इंजिन केवळ त्या दाताला फिरवते. म्हणून या यंत्राची खरी वंशावळ दाताच्या आणि दाताला धार देणाऱ्या कानशीच्या इतिहासात सापडते, आणि जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्याला किंवा जतन करणाऱ्याला ती माहीत असल्यावाचून त्याचे काम पुरे होत नाही.

या प्रदेशातील मूळ हत्यार कुऱ्हाड हेच होते. चांदा, म्हणजे जुन्या चंद्रपूर, जिल्ह्यात लोहारा, देवलगाव, पिंपळगाव अशा ठिकाणी उत्तम प्रतीचे लोहखनिज होते, कोळशाच्या लहान भट्ट्यांत ते वितळवून लोखंड काढण्याची परंपरा होती, आणि गावोगावच्या लोहाराने घडवलेली कुऱ्हाड गोंड-माडिया माणसाच्या खांद्यावर नित्य असे. १८६० साली मध्य प्रांतात वनखात्याची स्थापना होऊन कॅप्टन पिअर्सन यांच्याकडे त्याची सूत्रे आली. पुढे राखीव जंगले ठरली, आणि अहेरी-सिरोंचा भागातील सागवानाला, ज्याचे लठ्ठे प्राणहिता आणि गोदावरीच्या प्रवाहातून खाली नेता येत, रेल्वे व बांधकामाची मागणी आली. मागणी वाढली तशी कुऱ्हाडीची एक उणीव डोळ्यांत सलू लागली: जाड बुंधा कुऱ्हाडीने तोडायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी रुंद खाच घ्यावी लागते आणि झाडाच्या सर्वांत जाड, सर्वांत मोलाच्या भागातील बरेच लाकूड ढलप्यांच्या रूपाने वाया जाते.

या नासाडीवर उपाय ठरली ती दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब आडवी करवत. ती लाकडाच्या तंतूंना काटकोनात छेदते, आणि असे छेदणे दिसते तितके सोपे नाही. तंतू आधी दोन्ही कडांना कापले पाहिजेत आणि मग मधला कापलेला भाग उपसून बाहेर टाकला पाहिजे. सुधारलेल्या आडव्या करवतीत ही दोन कामे दोन प्रकारच्या दातांना वाटून दिलेली असतात. टोकदार कापते दात आलटून पालटून उजवीकडे आणि डावीकडे किंचित फाकवलेले असतात, त्यामुळे पात्यापेक्षा चर थोडा रुंद पडतो आणि पाते अडकत नाही. त्यांच्यामध्ये ठरावीक अंतरावर येणारा, उंचीने किंचित कमी ठेवलेला उपसता दात, ज्याला ‘रेकर’ म्हणतात, तंतूंचे लांब पदर चरातून बाहेर ओढतो. उंचीतील हा फरक केसाइतका असला तरी सारे त्यावरच अवलंबून असते, कारण उपसता दात उंच राहिला तर करवत उड्या मारते आणि फार उतरला तर लांब पदरांऐवजी नुसता बारीक भुसा पडतो व माणसे दमून जातात.

सागाच्या जंगलात या धारेला आणखी महत्त्व आले. सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच द्रव्य, सूक्ष्म कणांच्या रूपाने असते आणि ते पोलादाची धार झपाट्याने बोथट करते. त्यामुळे सागवान कापणाऱ्या माणसाला कानस बाळगावीच लागे आणि पाते दोन फळ्यांत घट्ट आवळून एकेक दात घासण्याचे कसब अंगी आणावेच लागे. झाड पाडण्याच्या आडव्या करवतीशेजारी उभा आराही याच जंगलात चाले: लठ्ठा घडवंचीवर किंवा खड्ड्यावर चढवायचा, गेरूत किंवा काजळीत बुडवलेल्या दोरीने त्यावर सूत मारायचे, आणि मग एकाने वर उभे राहून रेघ सांभाळायची तर दुसऱ्याने खाली राहून आरा ओढायचा, अशी ती पद्धत होती. उभ्या चिरकामासाठी दात पटाशीसारखे सपाट धारेचे आणि आडव्या कापासाठी सुरीसारखे टोकदार हवेत, हे ज्ञान आरेकऱ्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. कुऱ्हाडही बाद झाली नाही, कारण सागाच्या बुडख्याला नवे फुटवे नीट यावेत म्हणून तो जमिनीलगत, उतरता आणि साफ तासावा लागतो, आणि ते काम धारदार कुऱ्हाडच करते.

१९२९ च्या सुमारास बल्लारशाह ते काझीपेठ हा लोहमार्ग पुरा होऊन उत्तर व दक्षिण भारत थेट जोडले गेले आणि बल्लारशाहचा, म्हणजेच बल्लारपूरचा, लाकूड डेपो मोठी बाजारपेठ बनला. आलापल्लीच्या जंगलातून लठ्ठे ओढण्यासाठी हत्ती वापरले जात, आणि त्या परंपरेची खूण कमलापूरच्या शासकीय हत्ती कॅम्पच्या रूपाने आजही शिल्लक आहे. स्वातंत्र्यानंतर जंगल कामगार सहकारी संस्थांनी कूपे घेतली, १९७४ साली महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले, आणि दरम्यान १९६० च्या दशकात भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या खाद्य व कृषी संघटनेच्या साहाय्याने लाकूडतोडीच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. सुधारलेल्या हातकरवती आणि त्यांची योग्य निगा यांवर त्या प्रकल्पाने दिलेला भर रास्त होता, कारण बोथट करवत बदलून नवी बोथट करवत देण्याने कोणाचेच श्रम वाचत नाहीत.

यंत्राचा जन्म मात्र दूर झाला, आणि तोही जंगलात झाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकिन व जेम्स जेफ्री या वैद्यांनी हाड कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली, आणि १८३० च्या सुमारास जर्मन उपकरणकार बर्नहार्ड हाइने यांनी एका पट्टीभोवती फिरणारी, हाताने चालवायची साखळी असलेले शस्त्रक्रियेचे उपकरण बनवले. लाकडासाठी अखंड साखळीचे एकस्व १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युअल बेन्स यांनी घेतले. १९२६ साली आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली आणि १९२७ साली एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणारे यंत्र थुरिंगियातील डोल्मार डोंगरावर चालवून दाखवले. लेर्प यांच्या यंत्राचे वजन सुमारे ५८ किलो होते आणि ते पेलण्यास दोन माणसे लागत. इंजिन आले तरी आडव्या करवतीची दोन टोके आणि दोन माणसे हा जुना आकृतिबंध सुटला नव्हता.

दातांच्या बाबतीतही तेच घडले. सुरुवातीच्या साखळ्यांवर हातकरवतीचेच कापते आणि उपसते दात बसवलेले होते. ते वेगाने बोथट होत आणि त्यांना धार देण्यात बराच वेळ जाई. १९४६ साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील लाकूडतोड्या जोसेफ बुफर्ड कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे निरखले, आणि अळी तंतूंना आडवे-तिडवे दोन्ही दिशांनी सहज कशी कातरते हे पाहून वाकड्या नखासारखा दात घडवला. १९४७ पासून त्यांची साखळी विकली जाऊ लागली. हा दात एकाच वेळी कडेचा तंतू कापतो आणि तळाचा पदर सोलतो, तर त्याच्या पुढचा छोटा उंचवटा दाताने किती खोल शिरावे हे ठरवतो. त्या उंचवट्याला आजही कारागीर रेकरच म्हणतात. काम बदलले तरी उंचीच्या सूक्ष्म फरकाने काप आवरण्याचे तत्त्व तसेच राहिले.

पुढची प्रगती वेगाने झाली. १९५० साली एका माणसाला चालवता येईल असे सुमारे १६ किलोचे यंत्र निघाले, पडदा असलेल्या कार्बोरेटरमुळे इंजिन कोणत्याही बाजूला कलले तरी चालू राहू लागले, १९५९ च्या ‘श्टील कॉन्ट्रा’ने दातेरी चाकांची मधली जोडणी काढून वजन सुमारे १२ किलोंवर आणले, आणि कंपनांमुळे बोटांचा रक्तपुरवठा बिघडून ती पांढरी पडतात हे ध्यानात आल्यावर १९६० च्या दशकात मुठी रबराच्या आधारांवर बसवल्या जाऊ लागल्या.

या काळातील जुनी यंत्रे जगभर अनेकजण हौसेने जमवतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचे शास्त्र समजण्यास सोपे परंतु काटेकोर आहे. इंजिन दोन-घाती, म्हणजे टू-स्ट्रोक, असते, त्याला वेगळी तेलाची टाकी नसते आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच आतील भागांना वंगण पुरवते. म्हणून मिश्रण चुकले की दट्ट्या सिलिंडरला घासून अडकतो. जुन्या यंत्रात ठिणगी ‘पॉइंट’ नावाच्या, उघडझाप करणाऱ्या धातूच्या जोडीने तयार होते आणि ती जोडी काळी पडली तर बारीक पॉलिश कागदाने साफ करून मधले अंतर पुन्हा जमवावे लागते. कार्बोरेटरचा पडदा वर्षानुवर्षांच्या पेट्रोलने कडक होतो. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे रबरी सील सुकले तर आत जादा हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन नेहमीपेक्षा जोरात पळाल्यासारखे वाटत असतानाच आतून जळू लागते. पट्टीला तेल पाजण्यासाठी अनेक जुन्या यंत्रांवर अंगठ्याने दाबायचे बटण असते, आणि ते दाबण्यात हयगय झाली की पट्टीची कड तापून निळी पडते.

यंत्रात फेरफार करण्याची इच्छाही जुनीच आहे. धूर बाहेर टाकणारा मफलर मोकळा करणे किंवा सिलिंडरची दारे घासून रुंदावणे यांमुळे शक्ती वाढते, परंतु त्यासोबत कार्बोरेटर नव्याने जुळवला नाही तर मिश्रणाचा तोल बिघडून यंत्र निकामी होते. शिवाय साखळीला आवर घालणारा ब्रेक नसलेले जुने यंत्र अधिक वेगवान करणे हे चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. जतन करणाऱ्याने मूळ रचना राखणे आणि काम करणाऱ्याने सुरक्षित यंत्र वापरणे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणेच शहाणपणाचे आहे.

इंजिनाची ही सगळी डागडुजी साधली तरी काप नीट पडत नाही, जोवर कारागीर साखळीजवळ बसत नाही. नेहमीच्या एका मापाच्या साखळीसाठी ५.५ मिलिमीटरची गोल कानस घेऊन प्रत्येक दात सुमारे ३० अंशांच्या कोनात, आतून बाहेर, सारखेच झटके देत घासावा लागतो, एका बाजूचे सर्व दात झाल्यावर दुसऱ्या बाजूचे घ्यावे लागतात, आणि रेकरची उंची दाताच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली आहे का ते मापपट्टीने पाहावे लागते. एका बाजूचे दात लांब राहिले तर काप वाकडा जातो, आणि धार चांगली असली तर भुशाऐवजी सोललेले पातळ तुकडे पडतात. आडव्या करवतीच्या काळात चांगल्या धारेची जी पारख होती तीच येथेही लागू पडते, आणि सागातील सिलिका आजही तितक्याच निष्ठुरपणे प्रत्येक दाताची परीक्षा घेते.

या जंगलाचे सागवान आजही मोठ्या मानाने वापरले जाते. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरच्या डेपोतून सागवान रवाना झाले. दुसरीकडे आलापल्लीजवळचा सुमारे ६ हेक्टरांचा ‘वनवैभव’ हा जुन्या, न तोडलेल्या वृक्षांचा खंड २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. जंगल तोडणाऱ्याने काय राखावे याचे भान या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे येते, आणि हत्यारांच्या बाबतीतही तेच भान हवे. आडवी करवत, उभा आरा आणि जुनी साखळी करवत यांचा संग्रह या दोन जिल्ह्यांत व्हावा ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु तो केवळ गंजलेल्या लोखंडाचा संग्रह न राहता तेथे दात फाकवणे, घासणे आणि रेकर उतरवणे हेही शिकवले जावे, कारण वस्तू काचेच्या कपाटात शंभर वर्षे टिकेल, मात्र धार लावण्याचे कसब एका पिढीने शिकवले नाही तर दुसऱ्या पिढीत संपून जाईल.