मोटारीची चकती आणि खाडीची हवा

पेण आणि रोहें हीं दोन्ही गांवें खाड्यांच्या शेजारचीं. पेणच्या भोवतीं मिठागरें, रोह्याला कुंडलिकेचें पाणी, आणि वर चार महिन्यांचा पाऊस. अशा हवेंत उघडें लोखंड कोरडें राहावें कसें? मोटारीच्या ब्रेकची चकती बिडाची असते, आणि तिच्या घासणाऱ्या अंगाला रंगही देतां येत नाहीं.

ही चकती आजची नव्हे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरानें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु तिला घासणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांचा कर्कश आवाज लोकांना साहवेना, आणि पुढें बहुतेक मोटारींवर ढोलाच्या ब्रेकचेंच राज्य राहिलें. १९५३ सालीं ल मान्सची शर्यत जॅग्वार मोटारीनें या चकत्यांच्या जोरावर जिंकली, तेव्हां कारखानदारांचे डोळे उघडले. १९५५ सालीं फ्रान्सच्या सित्रोएन डीएस गाडीला पुढें चकत्या आल्या. आपली ॲम्बॅसिडर मात्र पुष्कळ वर्षें ढोलावरच धांवली.

ढोल झांकलेला, चकती उघडी. म्हणून ती लवकर निवते आणि म्हणूनच गंजते. एका रात्रींत चढलेला तांबूस थर पहिल्या दोनचार ब्रेकांत पुसला जातो. त्याची धास्ती व्यर्थ होय. पण मुंबईकराची गाडी पावसाळाभर रोह्याच्या अंगणांत उभी राहिली, तर चकतीला खड्डे पडतात व ब्रेक दाबतांच पाय थरथरतो. अशी चकती लेथवर साफ करतां येते. तीवर नोंदलेल्या किमान जाडीच्या खालीं ती जात असेल, तर दोन्ही बाजूंच्या चकत्या एकदम बदलाव्या. गंज अडावा म्हणून चकतीला तेल लावणारे शहाणेही भेटतात! तेलकट चकतीवर पॅडची पकडच बसत नाहीं, आणि गाडी थांबत नाहीं.