भाऊ दाजी ग्रंथसंग्रह

मुंबईतील नामांकित डॉक्टर व प्राच्यविद्यापंडित भाऊ दाजी लाड (मूळ नाव रामचंद्र विठ्ठल, १८२२, काहींच्या मते १८२४–१८७४) यांचा हस्तलिखिते, नाणी व कोरीव लेखांचे ठसे यांचा खासगी संग्रह.

संग्राहक : जन्म गोव्यात. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर (१८५१). दोनदा मुंबईचे शेरीफ (१८६९, १८७१). धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर.

हस्तलिखिते : भाऊ दाजींनी पोथ्या मिरवण्यासाठी जमवल्या नाहीत; कालनिर्णयाचे साधन म्हणून जमवल्या. रोग्यांच्या गर्दीतून स्वतःला सवड नसे, म्हणून भगवानलाल इंद्रजी, पांडुरंग गोपाळ पाध्ये यांसारखे पंडित त्यांनी पदरखर्चाने देशभर पाठवले. जेथे मूळ पोथी मिळेना तेथे नक्कल करवून घेतली. आर्यभटीयाच्या पोथ्या हाती आल्यावर त्यांनी १८६५च्या निबंधात आर्यभटाचे जन्मवर्ष इ. स. ४७६ ठरवले आणि त्याच नावाच्या नंतरच्या ज्योतिष्यापासून त्याला वेगळे काढले. हे त्यांचे सर्वांत टिकाऊ काम होय. खंडखाद्यक या ज्योतिषग्रंथावरील आमराजाच्या टीकेतील एका उल्लेखावरून त्यांनी वराहमिहिराचा मृत्यू शके ५०९ मध्ये मानला. त्याबद्दल मतभेद आहेत. बाणाच्या हर्षचरिताच्या संपूर्ण प्रतीही त्यांनी मिळवल्या. कालिदास व काश्मीरचा राजा मातृगुप्त एकच, हे त्यांचे मत मात्र मान्य झाले नाही.

ठसे : खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख (शके ११२८) त्यांनी उजेडात आणला. या लेखानुसार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढला. लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे. शेवटी मात्र मठाला बाजारातून काय मिळायचे, ते त्या काळच्या मराठीत कोरले आहे. ग्रंथ, त्यांचे अध्यापन आणि त्याचा खर्च एकाच दगडावर सांगणारा असा पुरावा विरळा. अजिंठ्याच्या लेखांचे वाचनही त्यांनी प्रसिद्ध केले.



पुढील इतिहास : १८६५च्या शेअरबाजाराच्या घसरणीत भाऊ दाजींची संपत्ती गेली, तरी संशोधन चालू राहिले. निधनानंतर हस्तलिखिते स्मारक-संग्रह म्हणून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे (आजची एशियाटिक सोसायटी) आली. ह. दा. वेलणकर यांनी केलेल्या तेथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीत ती समाविष्ट आहेत.